कानस घसरली

आखाडा बाळापूर
६ जानेवारी २०२५

सादिकभाऊ,

खुर्शीदबी बऱ्या असतील. तुमच्या गुलनाजच्या लेकराला दात आले का?

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र. डिसेंबरात मी अकरा वेळा फोन केला. दर वेळी खुर्शीदबीनं उचलला आणि दर वेळी तुम्ही नमाजला गेलेले. एकदा सकाळी दहाला, एकदा साडेअकराला, त्या वेळेला कुठली नमाज असते? पत्राला मात्र कुणी नमाजला गेले म्हणून सांगता येत नाही. ते दारात येऊन पडतं.

काम सांगते. मी ट्रॅक्टरचं इंजिन उघडलं आहे.

तुम्ही आणि तातेराव, दोघांनी मिळून बावीस सालच्या दसऱ्याला ते नवं करून बसवलं होतं, आमच्याच मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. (तोंडानं मी कधी नवऱ्याचं नाव घेतलं नाही. कागदावर लिहिता येतं, हे मला आत्ता कळलं.) अठरा दिवस लागले होते. कॅमशाफ्ट नवी, टॅपेट नवे, व्हॉल्व्ह नवे. तुम्हीच म्हणाला होतात, भाभी, आता दहा वर्षं झाकण उघडायचं काम न्हाई. आणि संक्रांतीच्या आत वरून टक टक आवाज यायला लागला. माघात तातेराव गेले. तेव्हापासून ट्रॅक्टर शेडमध्ये उभा आहे, त्याच्यावर कोंबड्या बसतात.

हरीश म्हणतो, आई, भंगारात देऊ. तो रोज हिंगोलीला नोकरीला जातो, त्याला शेताची आवड नाही, मी त्याला बोल लावत नाही. पण मी म्हटलं, द्यायचा तर दे, अगोदर मला कळू दे हे एवढ्या लवकर का झिजलं. माणूस का गेला ते डॉक्टरनं एका कागदावर लिहून दिलं. इंजिनाचा कागद मला कुणी दिलेला नाही.

शिला, माझी सून, पाना धरायला आहे. तातेरावांचं ते हिंदीतलं दुरुस्तीचं पुस्तक आहे. हरीश पहिलीत होता तेव्हा त्याच्या पुस्तकावरून मी वाचायला शिकले, पुढं सापडेल तो कागद वाचत गेले, आता हिंदीही बराबर लागते. वरचं झाकण काढलं. रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट मोजली. पुस्तकात लिहिलंय ती फट कागदाच्या दोन-तीन घड्यांएवढी, दोन नंबरच्या धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला आगपेटीची काडी सहज जाते. आवळायचा स्क्रू पार शेवटाला आलाय. म्हणजे तातेराव दर आठवड्याला तो आवळत होते आणि आम्हाला सांगत नव्हते.

माझा प्रश्न एवढाच, की खालून काय झिजलं असेल आणि कशानं?

तुम्ही अचानक दुकान बंद करून नांदेडला काहून गेलात ते मला माहीत नाही, आणि मी विचारतही नाही.

आशाबाई


२० जानेवारी २०२५

सादिकभाऊ,

तुमचा निरोप पोहोचला. खुर्शीदबीचा फोन आला तेव्हा मी भाकरी टाकत होते. म्हणाल्या, "भाभी, इनो पूछ रै, तेल उप्पर तक आता क्या बोलके."

मी म्हटलं, "कोण पूछ रै?"

"मैच पूछ रई," त्या म्हणाल्या. आणि मागून कुणीतरी खोकललं. तो खोकला मी अठरा दिवस शेडमध्ये ऐकलेला आहे, सादिकभाऊ.

"और फिल्टर काटके देखो बोले," खुर्शीदबी म्हणाल्या. "मतलब, मैं बोली."

शिला इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली.

तर ऐका. स्टार्टर मारून पाहिला. चारही बोटं बुडतील इतकं तेल रॉकरवर येतं, म्हणजे वरपर्यंत वाट मोकळी आहे. रॉकरचा दांडा उलटा बसला आणि त्याची भोकं वर तोंड करून राहिली, तर तेल अडतं असं पुस्तकात आहे. खूण पाहिली. दांडा सुलटा आहे. पुशरॉड सहाही काढले आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लाटण्यासारखे लोटून पाहिले. ओटा काळ्या दगडाचा आहे, त्याच्याएवढं सपाट घरात दुसरं काही नाही. सगळे सरळ गेले, एकही थडथडला नाही. स्प्रिंगा एकीशेजारी एक उभ्या केल्या, वर पाटी ठेवली. पाटी हलली नाही, म्हणजे सगळ्या सारख्या उंचीच्या.

फिल्टर करवतीनं कापला. आतल्या कागदाच्या घड्यांत चकाकणारी भुकटी होती, रांगोळीत अभ्रक घालतात तशी. शिला म्हणाली, "आत्याबाई, किती छान दिसून राहिलं." मला छान दिसलं नाही. तेवढं लोखंड कुठून तरी गेलेलं आहे.

आता एक लिहायचं आहे. मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. तुम्ही का गेलात ते मला माहीत आहे.

तेराव्याला पंगत बसली होती. तुम्ही पाण्याचा जग घेऊन वाढत होतात, आपल्याच घरचं असल्यासारखे. कुणीतरी म्हणालं, ट्रॅक्टर लई वाजून राहिला म्हणे. आणि मी ओसरीतून सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं बोलले, "वाजल न्हाई तर काय. सादिकनं डुप्लिकेट माल घातला. माझा माणूस त्या काळजीनं गेला." तुम्ही जग खाली ठेवला, चप्पल घातली आणि गेलात. एक शब्द बोलला नाहीत. गावानं त्याचा अर्थ काढला, की खरंच असणार, न्हाई तर बोलला असता. महिन्याभरात तुमच्या दुकानापुढं एक गाडी उभी राहीना. आता तुम्ही जावयाच्या चपलांच्या दुकानात बसता असं स्टँडवरचा जगन सांगतो. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला व्हॉल्व्ह ते सांगणारा माणूस लोकांच्या पायांची मापं घेतो.

मी इंजिन उघडलं ते ह्यासाठी. मी बोलले ते खरं असेल तर मला ते हातात धरून पाहायचं आहे. खोटं असेल तर ज्या तोंडानं बोलले त्याच तोंडानं परत घ्यायचं आहे.

रॉकरचा दांडा सुलटा निघाला तेव्हा मला वाईट वाटलं, हेही लिहून ठेवते. तो उलटा असावा असं मी दोन दिवस मनात धरून होते. तुमची एखादी बारकी चूक सापडली असती तर मला सोपं गेलं असतं.

आशाबाई


२ फेब्रुवारी २०२५

सादिकभाऊ,

कॅमशाफ्ट बाहेर आली.

चार दिवस लागले. पुढच्या चाकांचा धुरा सोडवायला जगन आला होता त्याची चेन-पुली घेऊन. तोच जगन, स्टँडवर चहाचं हॉटेल आहे तो, घरं बांधायच्या कामाला पुली भाड्यानं देतो. येऊन आधी कमरेवर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, "आशाबाई, हे बायांचं काम न्हाई."

शिला म्हणाली, "मग तुमी करा. आमी चहा करतो."

तो पुली बांधून बाजूला उभा राहिला, कारण त्याला ते येत नाही. शेवटी चहा त्यानंच केला. चांगला करतो.

आता मला जे समजलं ते माझ्या शब्दांत लिहिते, चुकलं तर खुर्शीदबीकडून कळवा. कॅमशाफ्ट म्हणजे एक लांब दांडा, त्याला सहा उंचवटे, कैरीच्या आकाराचे, एका बाजूला टोक निघालेले. प्रत्येक उंचवट्यावर एक टॅपेट उभा. दांडा फिरला की टोक टॅपेटला वर उचलतं, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. सगळं इंजिन त्या टोकांच्या भरवशावर श्वास घेतं. आपल्या सहापैकी दोन कैऱ्यांचे पेरू झालेत. टोकच नाही. तिसऱ्याचं निम्मं गेलंय. त्यांच्यावरच्या टॅपेटांचा तळ सपाट पाहिजे, तो वाटीसारखा खोल झालाय. एका वाटीत मी तुरीचा दाणा ठेवला, तो बसला.

जे तीन टॅपेट चांगले राहिले त्यांच्या तळाला गोल गोल रेघा आहेत, जात्यात दळल्यावर उठतात तशा. म्हणजे ते फिरत होते. खराब झालेल्यांवर एकच आडवा ओरखडा. ते जागच्या जागी उभे राहून घासले गेले.

मग मी ती परीक्षा केली. पुस्तकात आहे, की कॅमचं वरचं कातडं भट्टीत कडक केलेलं असतं, चांगल्या मालावर कानस चालत नाही. हलका माल असेल तर कानस पहिल्या हातालाच लोखंड खाते.

कानस तातेरावांची. मी ती घेतली आणि आधी उंचवटे चिंधीनं पुसत बसले. शिला म्हणाली, "करा की." मी म्हटलं, "थांब, करते." दोन वर्षं मी जे धरून बसले होते ते एका हातात ठरणार होतं.

चांगल्या उंचवट्यावर कानस ठेवली आणि ओढली.

कानस घसरली. काचेवरून घसरावी तशी. रेघसुद्धा उठली नाही. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर तेच. झिजलेल्यांवर मात्र लागली, कारण तिथलं कडक कातडं केव्हाच निघून गेलंय, खालचं मऊ लोखंड उघडं पडलंय.

शिलानं माळ्यावरून खोकं काढलं. तुम्ही खोकी टाकू देत नव्हता, राहू द्या भाभी, हिशेब लागतो म्हणायचात. खोक्यावरचा नंबर आणि कॅमशाफ्टवर उठवलेला नंबर आम्ही दोघींनी तीनदा वाचला, एकदा मी, एकदा तिनं, एकदा दोघींनी मिळून. एकच आहे.

माल खरा होता, सादिकभाऊ.

मला रडू येईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. डोक्यावरून कुणीतरी हाऱ्याचं ओझं उतरवून घ्यावं तसं झालं. दुपारी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पण मग झिजलं कशानं, ते अजून राहिलंच.

आशाबाई


८ फेब्रुवारी २०२५

सादिकभाऊ,

हे पत्र खुर्शीदबीला वाचायला देऊ नका. किंवा द्या, काय लपवायचं आता.

पुस्तकात कॅमशाफ्टच्या धड्याच्या शेवटी चौकट आहे. पानाला तेल लागून ते पुढच्याला चिकटलं होतं, वाफेवर धरून सोडवलं. त्यात लिहिलंय, नवी कॅम आणि नवे टॅपेट बसवल्यावर पहिली वीस मिनिटं इंजिन हळू चालू ठेवू नका. चालू केल्याबरोबर रेस वाढवा, मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्या, आणि तिथंच धरून ठेवा.

मला हे उलटं वाटलं. नव्या वस्तूला जपायचं की पळवायचं? मग कारण वाचलं. कॅमला तेल नळीनं मिळत नाही, खाली क्रँक फिरते तिच्या झपाट्यानं उडून मिळतं. रवी हळू फिरवली तर ताक मडक्याच्या काठाला लागत नाही, तसंच. आणि इंजिन हळू असलं की स्प्रिंगचा सगळा भार टोकावर रेंगाळतो. नवा टॅपेट फिरायला लागायच्या आत कोरडाच घासला जातो. त्या पहिल्या वीस मिनिटांत जे बिघडतं ते नंतर कशानं भरून येत नाही.

वाचून मी पुस्तक मिटलं. मला दसरा आठवायला लागला आणि मी तो आठवू दिला नाही. पण शिलाला आठवलं. तिनं हरीशचा जुना फोन काढला, त्यात त्या दिवसाचा व्हिडिओ आहे.

आमच्या घरची रीत तुम्हाला माहीत आहे. विहिरीवर पहिलं ऑइल इंजिन आलं तेव्हापासूनची, माझ्या सासूनं घातलेली. यंत्राला ओवाळायचं तर ते चालू पाहिजे. बंद यंत्राला ओवाळणं म्हणजे मढ्याला ओवाळणं, असं सासू म्हणायची. तर व्हिडिओत ट्रॅक्टर चालू आहे, अगदी हळू, टुक टुक टुक. मी हळदीकुंकू लावते आहे. चाकाखाली लिंबू ठेवते आहे. शेजारच्या बाया येतात, त्याही लावतात. पेढे वाटले जातात. आणि तुम्ही तीनदा, मी मोजलं, तीनदा रेसच्या दांड्याला हात घालता.

पहिल्यांदा तुम्ही म्हणता, "भाभी, जरा रेस वाढवू द्या."

मी म्हणते, "न्हाई, भाऊ. हळू चालू द्या. नवं हाय. बाळंतिणीला कुणी पळवतं का?"

दुसऱ्यांदा म्हणता, "पाच मिंट तरी, भाभी. जरुरी हाय."

मी म्हणते, "तुमाला काहून घाई? दिवा विझल."

तिसऱ्यांदा तुम्ही बोलत नाही, नुसता हात पुढं करता. आणि तातेराव हसत तुमचा हात धरतात. म्हणतात, "मिस्त्री, राहू दे. आज बाईचं राज्य हाय."

व्हिडिओ एक्केचाळीस मिनिटांचा आहे. शेवटपर्यंत टुक टुक.

तातेरावांचा आवाज दोन वर्षांनी ऐकला. शिलाला म्हटलं, ते एक वाक्य परत लाव. तिनं पाच-सहा वेळा लावलं. मग मीच म्हटलं, पुरे, बॅटरी उतरल.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. त्याच दिवशी माहीत होतं. आणि तेराव्याला, जग हातात घेऊन, तुम्ही तोंड उघडून एवढंच म्हटलं असतं, की भाभी, हे तुमच्या ओवाळण्यानं झालं, तर तुमचं दुकान राहिलं असतं. तुम्ही ते बोलला नाहीत.

मी माफी मागत नाही. इथं, पत्रात, तुम्ही आणि मी दोघंच असताना माफी मागणं मला स्वस्त वाटतं. मी बोलले पंगतीत. बाजारच्या दिवशी काय ते करते.

आशाबाई


१३ फेब्रुवारी २०२५

सादिकभाऊ,

केलं.

कॅमशाफ्ट जुन्या लुगड्यात गुंडाळली, कानस पिशवीत टाकली आणि जगनच्या हॉटेलात गेले. बाजारचा दिवस, सगळी बाकं भरलेली. जगन म्हणाला, "आशाबाई, पार्सल का?" मी म्हटलं, "न्हाई, बसून." मधल्या टेबलावर कॅमशाफ्ट ठेवली आणि लुगडं सोडलं. माणसं अशी वाकली जणू तिथं पोरगं निजवलंय.

मी म्हटलं, "तेराव्याला तुमच्यातले कोण कोण होते?"

सात-आठ जणांनी माना हलवल्या. बाकीचे चहात बघायला लागले.

"मी त्या दिवशी म्हणलं, सादिकभाऊनं डुप्लिकेट माल घातला. आता ही कानस घ्या आणि चालवून बघा."

पहिला कुणी हात लावीना. मग एक म्हातारे उठले, डोंगरगावचे, त्यांनी ओढली. घसरली. त्यांनी कानसीकडं पाहिलं, पुन्हा ओढली. "कानस बोथट आसल," म्हणाले. मी ती हॉटेलच्या लोखंडी खुर्चीच्या पायाला लावून दाखवली, भुगा पडला. जगन ओरडला, "माझी खुर्ची!" मग मात्र रांगच लागली. प्रत्येकाला चालवून पाहायची होती. हळद विकायला आलेले, रिक्षावाले, एक मास्तर. घसरली की माणूस हसतो, का ते मला कळलं नाही, पण प्रत्येक जण हसला.

मग मी दसऱ्याचं सांगितलं. सगळं. टुक टुक, बाळंतीण, तुमचा तीनदा पुढं आलेला हात. "माल खरा, मिस्त्री खरा. झिजलं ते माझ्या ओवाळण्यानं. मी त्याला डुप्लिकेट म्हणलं, ते खोटं."

मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "मग देवाचीच चूक म्हणा की, आशाबाई."

"देवानं हळू म्हणलं नव्हतं," मी म्हटलं. "मी म्हणलं."

तेवढ्यात ते मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "माझ्या मोटारसायकलला नवं काम केल्यावर मी तिला घंटाभर उदबत्तीपुढं चालू ठेवली होती." कुणीतरी विचारलं, "मग?" मास्तर म्हणाले, "मग इकली." साऱ्या हॉटेलानं त्यांची मजा घेतली. त्यांच्यामुळं माझ्यावरच्या नजरा उठल्या, मी त्यांचे उपकार मानते.

जगननं चहा दिला. लुगडं मी परत गुंडाळलं. घरी येताना दांडा हलका वाटला असं लिहिणार होते, पण तो तेवढाच जड होता, खांदा अजून दुखतो.

आशाबाई


१७ फेब्रुवारी २०२५

सादिकभाऊ,

बसनं पार्सल आलं. नवी कॅम, सहा टॅपेट, काळ्या मलमाची डबी. आणि पार्सलच्या कागदावर पेनानं लिहिलेलं: टॅपेटच्या तळाला आणि टोकांना मलम बोटानं लावा. खालची तेलाची पेटी उतरवून धुवा, तेल सगळं नवं. सोमवारी, चोवीसला, मी येईपर्यंत चालू करायचं न्हाई.

तीन वेळा वाचलं. "मी येईपर्यंत" एवढंच दोन वेळा जास्त.

पेटी धुतली. बेअरिंगांवर त्या भुकटीची चमक नाही, ओरखडे नाहीत. मलम बोटानंच लावते आहे.

आशाबाई


२५ फेब्रुवारी २०२५

सादिकभाऊ,

काल संध्याकाळच्या गाडीनं तुम्ही दोघं गेलात आणि मी आज लिहायला बसले आहे, कारण काल दिवसभर तुम्ही मला बोलू दिलं नाही. मी तोंड उघडलं की तुम्ही म्हणायचात, "भाभी, तेलाचा काटा बघा." काटा बघून मान वर केली की तुम्ही इंजिनाच्या पलीकडं.

गाडीतून उतरल्यावर तुम्ही सलाम ना दुवा, सरळ शेडमध्ये गेलात, आम्ही बसवलेला एकेक नट हातानं चाचपलात आणि विचारलंत, "हे कुणी आवळलं?" शिला घाबरून म्हणाली, "मी." तुम्ही म्हणालात, "माझ्या दुकानात येती का कामाला?" ती कालपासून जमिनीवर चालत नाही. हरीशला तीन वेळा सांगून झालं.

आणि सुरू करताना तुम्ही जे केलंत ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. सवयीनं भरलेलं ताट घेऊन मी लांब उभी होते. मी ठरवलं होतं, या वेळी ओवाळायचं नाही, मोडली रीत तर मोडली. तुम्ही चावी फिरवली आणि लगेच रेस वर. सगळा पत्रा हादरला, कोंबड्या उडाल्या, शेजारचं कुत्रं पळालं. काटा अठराशेवर धरून तुम्ही ओरडलात, "भाभी, आता ओवाळा. वीस मिंट हायेत. पाहिजे तेवढं ओवाळा."

मी पुढं झाले. पंख्याच्या वाऱ्यानं दिवा विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. तिसऱ्या वेळी खुर्शीदबी आल्या, त्यांनी आपली ओढणी दोन्ही हातांनी पसरून आडोसा केला आणि म्हणाल्या, "अब करो, जल्दी करो, मेरी ओढनी जाती." त्या आवाजात मी काय म्हटलं ते मलाच ऐकू आलं नाही. शिला हसत होती. रजा काढून थांबलेला हरीश हसत होता. तुम्ही हसत नव्हता, तुम्ही कान देऊन ऐकत होता, आणि वीस मिनिटं झाल्यावर रेस खाली आणून म्हणालात, "सहाच्या सहा गाऊन राहिले." तिथं मी तातेरावांसाठी जागा ठेवली होती, तुमच्या उजव्या हाताला. ती जागा रिकामीच राहिली, आणि तरी दिवस चांगला गेला. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी होतात हे मला आता माहीत झालं आहे.

निघताना स्टँडवर मी एकदाचं विचारलंच, की तेराव्याला तुम्ही बोलला काहून नाहीत. तुम्ही गाडीच्या पायरीवर होतात. म्हणालात, "तवा सांगितलं असतं, तर तुमी पुन्हा कशाला ओवाळलं असतं का?" आणि आत जाऊन बसलात. मला उत्तर द्यायला गाडी थांबली नाही.

उत्तर हे आहे, की नसतं ओवाळलं. कशालाच नाही.

आता मुद्द्याचं. आज सकाळपासून चार माणसं येऊन गेली. डोंगरगावच्या म्हाताऱ्याचा ट्रॅक्टर धूर मारतो. एकाचं हळद पॉलिशचं इंजिन भार उचलत नाही. मास्तरांनी नवी मोटारसायकल घेतलीय, तिला काही झालेलं नाही, पण त्यांना दाखवायची आहे. सगळे विचारतात, मिस्त्री कधी बसणार. दोन वर्षांपूर्वी तुमच्याबद्दल मी तुम्हाला न विचारता बोलले होते, तर आजही तुम्हाला न विचारताच बोलले. मी त्यांना पुढचा बाजारचा दिवस सांगितला आहे, सकाळी नऊ. दुकानाचं शटर हरीशनं तेल घालून वर केलं, अर्धंच जातं, तेवढं तुम्ही बघा. खुर्शीदबीला विचारू नका, त्यांनी काल ओढणीला गाठ मारतानाच परत यायला हो म्हटलंय.

आशाबाई